परत : १०.३०

घळीच्या तोंडाशी पत्र्याची पेटी. पेटीत वही, वहीला दोरीनं बांधलेली पेन्सिल.

वहीत: वॉरन टिल्मन. क्लोव्हर. आत ६.१०.

"कुत्रीचंही नाव?" रेंजर डेल्फीन हसली.

"मग? आमच्या दोघांत अक्कल तिलाच आहे."

"ते दिसतंच आहे. ऐका, अकराला मी वही बघते. कोणी वर आलं नसेल तर पाणी घेऊन खाली उतरते. सगळे आले असतील तर फाटक लावून गावाला."

"साडेदहाला तुमच्याकडे कॉफीला हजर होतो की नाही बघा."

"क्लोव्हरला देईन. तुम्हाला नाही झेपायची."

तिची गाडी गेली. वॉरनच्या हातात पेन्सिल तशीच होती.

७.४०
कड्यावर जुन्या लोकांचे दगडी बुरूज, खाली हे दोघं. जूनच्या उन्हात फाटकाबाहेरच्या तळावर यांच्याशिवाय दुसरा तंबू नसतो. बायको गेल्यापासून वॉरन म्हणूनच जूनमध्ये यायचा.

९.१५
घळीच्या तळाशी क्लोव्हर बसली. मागचे पाय उठेनात. वय तेरा, वजन पस्तीस किलो. वॉरननं एकदा उचलून पाहिलं आणि त्याचा गुडघा तिथेच मुडपला.

९.३०
तो एकटा वर निघाला, की ती पुढच्या पायांवर त्याच्यामागे फरफटत यायची. तापल्या खडकावर पोट घासत. तीनदा गेला, तीनदा परतला.

"बरं बाई, नाही जात. येईल ती अकराला."

१०.००
पाणी संपलं. शेवटचे चार घोट तिला.

१०.५५
वर गाडीचा आवाज. दार उघडलं, आपटलं.

"आली बघ, आली!" क्लोव्हरची शेपटी एकदा हलली. "आता वही उघडेल, आपली नावं बघेल..."

त्यानं स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं.

चाळीस वर्षं त्यानं ट्रक चालवला होता. मुक्कामाला पोहोचायच्या आधीच पोहोचल्याची वेळ नोंदवायची, म्हणजे तिथे खोळंबा नको. सकाळी पेन्सिल हातातच होती, सवयीनं चालली.

वहीत: परत १०.३०. दोघं.

"डेल्फीन! आम्ही खाली आहोत! डेल्फीन!"

वारा घळीतून खाली वाहत होता. फोनला इथे कधीच रेंज नसते. वर फाटकाची साखळी वाजली, मग इंजिन, मग तेही नाही.

तो पुन्हा ओरडला. बुरुजांवरून हाक त्याच्याकडेच परतली.

११.२०
वर चढायला त्याच्या गुडघ्यानं तास लागला असता. रस्त्यावर माणूस भेटायला आणखी किती, कोण जाणे. त्यानं उठायला हात टेकला. क्लोव्हरनं डोळे उघडले, पुढचे पाय खडकात रोवले.

"नको ग. नको उठूस."

तो बसला. टोपी काढून तिच्या तोंडावर धरली. सावली तेवढीच होती.

१२.००
तिचा श्वास टोपीत लागत होता. हात अवघडला तरी त्यानं बदलला नाही.

१.००
टोपीत श्वास लागेना. त्यानं हात बदलला.