पाचातली दोन मिनिटं

कंधारची शिवकन्या अकरावीला लातूरला आली तेव्हा हजेरीला "हजर" म्हणतानाही तिचा आवाज पुढच्या बाकापर्यंत जायचा नाही. सहा महिन्यांत काय जादू झाली कोण जाणे, आता तिला गप्प करायला हॉस्टेलच्या रेक्टर नीलाबाईंना टेबल बडवावं लागायचं!

तर कॉलेजात वादविवाद ठेवला. तोही चार वर्षांनी! मागच्या खेपेला खुर्च्या फेकल्या होत्या म्हणून बंदच होता. प्राचार्य गुरुबसप्पा सरांनी आधीच बजावलं, "गोंधळ झाला की माइक बंद. मग परत वादविवादाचं नाव काढायचं नाही."

विषय होता, मुलींच्या हॉस्टेलचं फाटक संध्याकाळी सातलाच बंद व्हावं. अभ्यासिका मात्र दहापर्यंत उघडी. म्हणजे सातनंतर तिथले पंखे फक्त मुलांना वारा घालणार! फाटकाची वेळ वाढवा म्हणून दिलेले शिवकन्याचे तीन अर्ज कुठल्या कपाटात निजले होते देव जाणे. आता सरांसमोर, माइकवर सांगायची हीच एक संधी. प्रतिकूल बाजू तिनं मागून घेतली.

अनुकूल बाजूला उदगीरचा रुद्रेश, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाचा. तो "अध्यक्ष महोदय, फाटक सातलाच..." एवढं म्हणाला आणि हॉस्टेलच्या पोरींनी बाक बडवायला सुरुवात केली.

"बस खाली!"

"तूच जा सातला घरी, आई वाट बघून राहिली!"

सगळ्यात मोठा आवाज राजश्रीचा, शिवकन्याच्या खोलीतली ती. शिवकन्याही हसली. खरं सांगायचं तर तिला लई भारी वाटलं. रुद्रेशचे नुसते ओठ हलत होते. प्रत्येकाची पाच मिनिटं मोजायला शिपाई व्यंकटीमामा घड्याळ आणि घंटा घेऊन ढिम्म बसले होते.

तेवढ्यात गुरुबसप्पा सरांचा हात माइकच्या बटणाकडे गेला.

माइक गेला की शिवकन्याची संधीही गेली! ती धावतच स्टेजवर चढली. "सर, थांबा! राजश्री, गप की गं!"

"अगं, तुझ्यासाठीच ओरडून राहिलो ना!"

"नका ओरडू! मला त्याच्या बोलण्याला उत्तर द्यायचंय. तो बोललाच न्हाई तर मी उत्तर कशाला देऊ, या बाकाला?"

पोरी हसल्या आणि गप्प झाल्या. नेमकी तेव्हाच घंटा वाजली. "टाइम खलास," मामा म्हणाले.

"मामा, त्याचं कुणी ऐकलंच न्हाई!"

"घड्याळाला कान नसतात, बाई."

"मग माझ्या पाचातली दोन मिनिटं त्याला द्या."

"असं नियमात नाही," सर म्हणाले.

"देऊ नये असंही नियमात न्हाई, सर."

सरांनी बटणावरचा हात काढला. "दे रे व्यंकटी."

रुद्रेशनं हातातला कागद घडी करून खिशात ठेवला. "माझी बहीण शिवलीला नांदेडला शिकत होती," तो म्हणाला. "एकदा आठ वाजता दोन पोरं तिच्या मागं लागली, बसस्टँडपासून खोलीपर्यंत. दुसऱ्या दिवशी अप्पा तिला सामानासकट घरी घेऊन आले. सातचं फाटक असतं तर ती आज शिकत असती."

बाक बडवणारे हात मांडीवर आले. राजश्रीसुद्धा खाली बघत होती.

शिवकन्यानं पंख्याचे सगळे विनोद पाठ केले होते. आता ते कुठल्या तोंडानं म्हणायचे? तिनंही कागद बाजूला ठेवला.

"मागं लागली ती पोरं," ती हळू म्हणाली, "आणि शिक्षण सुटलं ताईचं. त्या पोरांना कुणी सातला कोंडलं का? अभ्यासिकेपासून आमचं फाटक दोनशे दहा पावलं आहे, मी मोजलीत. त्या रस्त्यावर एकच दिवा, तोही बंद. सर, तिथं तीन दिवे लावा, एक वॉचमन ठेवा आणि मग बघा, आम्ही..."

घंटा! तीन मिनिटं संपली. वाक्य अर्धंच राहिलं.

पहिल्या नंबराची ढाल रुद्रेशला मिळाली. "वाटत बस अजून आपली मिनिटं दुसऱ्याला!" राजश्री फणकारली. शिवकन्यालाही वाईट वाटलंच की, कशाला खोटं बोला!

मग गुरुबसप्पा सर माइकवर आले. "फाटकाचं आज काही ठरणार नाही. पण या मुलीचं वाक्य अर्धं राहिलंय. पुढच्या शनिवारी इथंच, हाच विषय."

टाळ्यांत रुद्रेश तिच्याजवळ आला. "शनिवारी शिवलीलाला घेऊन येऊ का? तिला फाटक पाहिजे होतं का दिवा, हे घरी कुणी विचारलंच न्हाई. मी पण न्हाई."

"आणा की! पाचच्या पाच मिनिटं तिला!"

"आणि मी कधी ओरडू?" राजश्रीनं विचारलं.

"सगळ्यांचं बोलून झाल्यावर. मग मी पण ओरडते तुझ्यासोबत!"