मागच्या खोलीतलं टेबल

बंदराच्या तोंडाशी जहाज बुडालं, वाट अडली आणि सासऱ्यांचं धाबं दणाणलं. ते घरी वापरायच्या ऑक्सिजन मशिनांचे ठोक व्यापारी. नवा माल येईना, आणि मशीन बंद पडलेल्या घरांतून फोन थांबेनात. तेव्हा सून पुढे झाली. तिने दुकानाची मागची खोली मोकळी केली, गावोगाव अडगळीत पडलेली मशिनं टेम्पोवाल्यांकरवी गोळा केली, दोन मेकॅनिक ठेवले आणि मोडक्यातून चालू मशीन उभं करायचा सपाटा लावला.

वर्षभराने वाट मोकळी झाली. नवे खोके दारात येऊन पडले. सासरे म्हणाले, आता खोली रिकामी करू, मेकॅनिकांना दुसरीकडे कुठेतरी लावून देऊ. त्यांचं चुकत नव्हतं. तरी ती दिवसभर घुम्यासारखी वावरली.

"एवढं जिवाला का लावून घेतेस?" नवऱ्याने विचारलं.

ती स्वतःलाच विचारत राहिली. खोलीची गरज अजून आहे, की तिथे आपल्या शब्दाला वजन होतं म्हणून ती सोडवत नाही? संकट टळल्याची रुखरुख वाटावी, याची तिला लाजच वाटली.

वाद न घालता तिने जुन्या गिऱ्हाइकांना फोन लावले. बहुतेकांनी नवं मशीन घ्यायचं ठरवलं होतं. पण काहींची मशिनं इतकी जुनी, की कंपनीने त्यांचे भाग बनवणंच सोडलेलं. आणि नवं घेणं त्यांच्या आवाक्यात नव्हतं.

मग ती सासऱ्यांसमोर जाऊन बसली.

"बाबा, खोली घ्या. टेम्पोही नकोत आता, गोळा केलेल्या मशिनांचे भाग पुरतील. नवं न परवडणाऱ्यांसाठी एक टेबल आणि एक मेकॅनिक तेवढा राहू द्या. दुसरा नवी मशिनं घरोघरी बसवून देईल."

"आणि नाही चाललं तर?"

"तर मीच आवरून टाकीन."

सासऱ्यांनी चष्मा काढून पुसला. "खिडकीपाशी लाव टेबल," ते म्हणाले. "उजेड असतो तिथे."

ती पुन्हा दुकानात पुढे बसू लागली. टेबलाकडे कधी कधी दिवसभर कुणी फिरकत नसे. एका दुपारी एक बाई आईचं जुनं मशीन चाकांवर ढकलत घेऊन आली. सासऱ्यांनीच तिला आत पाठवलं. सुनेचा पाय आत वळत होता. मग तिने स्वतःला आवरलं आणि समोरच्या गिऱ्हाइकाला नव्या मशीनचं बटण कसं दाबायचं ते दाखवत राहिली. थोड्या वेळाने आतून मशीनची संथ घरघर ऐकू आली.