खुंटीवरची माळ

भांडुपच्या टेकडीवरील चाळीत रामनाथ परबांच्या दारी दर रविवारी सकाळी कावीळ झालेली माणसे येऊन बसत. संपानंतर गिरणी सुटली, तरी वडिलांकडून आलेली ही विद्या त्यांच्यापाशी राहिली होती. पुनर्नवेच्या मुळीचे ओले तुकडे ते मंत्र म्हणत दोऱ्याच्या गाठींत बांधीत आणि ती लहानशी माळ रोग्याच्या मस्तकावर ठेवीत. दिवसागणिक माळ वाढे, गळ्यात उतरे, छातीवर रुळे. ती बेंबीपर्यंत पोहोचली की कावीळ उतरली असे समजायचे. बहुतेकांची उतरेही.

१९८६च्या माघात त्या माणसांमध्ये त्यांची धाकटी बहीण मालन येऊन बसली. तीन वर्षांपूर्वी तिच्या उजव्या डोळ्याच्या आत काळी गाठ सापडली होती. ती कर्करोगाची निघाल्याने मुलुंडच्या इस्पितळात तो डोळा काढावा लागला होता. आज तिच्या मुखावर काचेचा डोळा तेवढा शुभ्र होता. खरा डोळा हळदीत बुडवल्यासारखा पिवळा झाला होता. रामनाथांनी नेहमीपेक्षा अधिक निष्ठेने मंत्र म्हटला. दोन तुकडे उरले, त्यांत आणखी काही घालून त्यांनी एक माळ अधिक बांधली आणि कोणी उशिरा आलेच तर असावी म्हणून खुंटीला अडकवली.

पंधरा दिवसांत मालनची माळ बेंबीपर्यंत आली. मालन मात्र वाळत चालली होती, आणि उजव्या बरगडीखाली तिला काही जड बांधल्यासारखे वाटे.

"दादा, तुझी माळ चांगली बाळसं धरतेय रे," ती हसून म्हणाली. "खातेय मी, आणि अंगी लागतंय तिच्या."

त्या सायंकाळी दिवा लावताना रामनाथांची दृष्टी खुंटीकडे गेली. तेथील माळही हातभर लांबली होती. भिंतीला तर कावीळ झाली नव्हती. त्यांनी माळ उतरवून बोटांनी चाचपली. मुळ्या सुकून आक्रसल्या होत्या, गाठी सैल पडल्या होत्या आणि गाठींतला दोरा मोकळा झाला होता. वडिलांवर त्यांना राग आला नाही. पण एक जुनी गोष्ट, जी त्यांनी तीन वर्षे मनाआड ठेवली होती, ती आता समोर येऊन उभी राहिली.

दुसऱ्याच दिवशी ते मालनला घेऊन इस्पितळात गेले. तिची सोनोग्राफी झाली. ती आत कपडे सावरीत असताना डॉक्टर वनमालाबाईंनी रामनाथांना समोर बसवले. यकृतात पुष्कळ गाठी होत्या.

डोळा काढला, मग रोग पोटात आला कोठून, असे रामनाथांनी विचारले. बाईंनी शांतपणे समजावले. शरीरातील इतर कर्करोग पुष्कळदा आधी जवळच्या लसिकाग्रंथींत उतरतात. डोळ्याच्या आतून तेथे जाण्याची वाटच नसते. तेथील पेशी सुटतात त्या थेट रक्तात, आणि रक्ताबरोबर सर्व देह फिरून बहुधा यकृतात मुक्काम करतात. यकृतच का, हे शास्त्रालाही नीटसे उमगलेले नाही. डोळा काढण्यापूर्वीच एखादी पेशी निघून गेलेली असू शकते आणि वर्षानुवर्षे मूक राहू शकते.

"म्हणूनच दर सहा महिन्यांनी पोट तपासायला आणा, असं तुम्हाला सांगितलं होतं," बाई म्हणाल्या.

रामनाथांनी मान खाली घातली. सांगितले होते खरे. मालन तेव्हा शुद्धीवर आली नव्हती. ऐकणारे ते एकटेच होते. डोळ्याच्या दुखण्यासाठी पोट कशाला दाखवायचे, आणि मरणातून वाचलेल्या बाईला पुन्हा धास्ती कशाला घालायची, असा विचार करून त्यांनी ते तिला कधी सांगितलेच नव्हते.

"आणली असती तर वाचली असती का?"

"लवकर कळलं असतं. वाचली असती, असं मी म्हणणार नाही. या गाठींवर आमच्याकडे आजही खात्रीचा उपाय नाही. उद्या सुईने तुकडा काढून पाहू."

बाईंच्या उत्तरात क्षमा होती. ती घेऊन गप्प राहणे सोपे होते. परंतु घरी आल्यावर रामनाथ बहिणीसमोर जमिनीवर बसले आणि त्यांनी सर्व सांगितले, यकृतातील गाठी आणि आपण दडवलेला निरोप, दोन्ही.

मालन भाजी निवडीत होती. तिचे हात थांबले नाहीत.

"म्हणजे तीन वर्षं माझ्या पोटाची गोष्ट तुला ठाऊक, आणि मला नाही."

"तू घाबरशील म्हणून गं."

"घाबरले असते. माझंच पोट आहे, मीच घाबरले असते." तिने निवडलेली पाने टोपलीत सारली. "पोरीचं लग्न पुढच्या वर्षावर ढकललं मी. ते नसतं ढकललं."

रामनाथांनी उरलेली जुडी पुढ्यात ओढली आणि ते पाने खुडू लागले. माफी मागावी, तर शब्द लहान वाटत होते.

सकाळी इस्पितळात परिचारिकेने मालनचे नाव पुकारले. रामनाथ सवयीने तिच्या पुढे होऊन दाराशी गेले. तिने त्यांच्या दंडाला हलकेच हात लावला.

"दादा, तू बाहेर बस. आज डॉक्टर काय सांगतात ते मी ऐकते. बाहेर आल्यावर तुला सांगेन."

ते बाकावर बसले आणि ती बाहेर येण्याची वाट पाहू लागले.