तुरीतली दोन झाडं

जिंतूरच्या कॉलेजात वादविवाद स्पर्धा होती आणि शिवरुद्र पाटील पहिल्या रांगेत इस्त्रीचं धोतर सांभाळत बसले होते. शेजारी पंडित, त्यांचा लहानपणापासूनचा दोस्त. त्याला बोलावलं होतं धनश्रीनं, पाटलांच्या नातीनं. शिवभजनं तिला त्यानंच शिकवली होती. "एवढ्या उन्हाचं त्याला कशाला?" असं म्हणून पाटलांनी टाळून पाहिलं होतं, पण पोरीपुढं कुणाचं चालतं?

विषय होता, घरच्या घरी, स्वतःपुरता गांजा ओढायला कायद्यानं मुभा द्यावी का. आधी मानवतची निकिता नावाची मुलगी बाजूनं बोलली. दारूला परवाना मिळतो, मग एखाद्या म्हाताऱ्यानं आपल्या घरात चिलीम ओढली तर त्याला बेड्या कशाला, असं तिचं म्हणणं. पाटलांना ते मनापासून पटलं. टाळी वाजवायची मात्र सोय नव्हती, कारण धनश्री विरोधात बोलणार होती.

ती उभी राहिली. "उदाहरण माझ्याच घरातलं आहे. वीस वर्षांपूर्वी माझे आजोबा गावचे पोलीस पाटील होते. त्यांच्या जिवाभावाच्या मित्रानं तुरीत गांजाची दोन झाडं लावली. आजोबांनी मैत्री नाही बघितली, कायदा बघितला. स्वतः पोलिसांना नेऊन झाडं दाखवली!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. पाटलांचं पंडितकडं मान वळवायचं धाडस झालं नाही.

चूक आठ दिवसांपूर्वी झाली होती. पोरीनं खरं उदाहरण मागितलं, तेव्हा पाटील सगळंच सांगायला बसले होते. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं एकदाचं बाहेर पडावं, असं वाटलं होतं. पण मित्राला धरून दिल्याचं ऐकताच तिचे डोळे असे चमकले, की पुढं जीभच रेटेना. मित्राचं नाव त्यांनी गिळलं. त्याच्याबरोबर एक झाडही गिळलं.

कारण दोनांतलं एक झाड पाटलांचं होतं. पोलीस पाटलाच्या रानात गांजा कसा शोभेल, म्हणून ते पंडितच्या तुरीत लावलेलं. सोमवारचं भजन आटोपलं की दोघं शेतातल्या आखाड्यावर, खोपीपुढं बसून एकाच चिलमीचे झुरके घेत. मग वरून कागद आला, गावात झाड सापडलं तर पोलीस पाटलाला जबाबदार धरू. पाटलांची पाचावर धारण बसली. मुकाट्यानं दोन्ही झाडं उपटून टाकायची अक्कल सुचली नाही. आपणच कळवलं तर आपण सुटू, पंडितला दम देऊन सोडतील, एवढंच डोक्यात आलं.

पंडित चौदा महिने तुरुंगात राहिला. झाडं कुणाची, असं साहेबानं बांधावर तीनदा विचारलं होतं. तिन्ही वेळा तो "माझीच" म्हणाला, आणि पाटील शेजारी खाली मान घालून उभे होते. सुटून आल्यावरही त्यानं कधी विषय काढला नाही. चिलीम तेवढी सोडली. त्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं पाटलांना अजून वाटतं.

पहिलं बक्षीस धनश्रीला मिळालं. हॉल रिकामा झाला, शिपाई माईकची वायर गुंडाळायला लागला, तेव्हा कुठं पाटलांच्या तोंडातून शब्द फुटला.

"पंडित, उठून सांगायला पायजे होतं मी. एक झाड माझं होतं म्हणून."

"मला कशाला सांगायलास?" पंडित म्हणाला. "मला ठावं न्हाई का? पाणी तर मीच घालत होतो त्याला. सांगायचं तर तिला सांग."

तेवढ्यात धनश्री ढाल छातीशी धरून पळत आली आणि दोघांच्या मधे घुसली. मागून मैत्रीण मोबाईल घेऊन.

"पंडितआज्जा, आवडलं का माझं भाषण?"

"लय चांगलं बोललीस, माय."

पाटलांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी तिचा हात धरला. "धना, ऐक. त्या दोन झाडांतलं एक..."

"नंतर सांगा, आज्जा. आधी फोटो. हसा की!"

पंडितनं हळूच पाटलांकडं पाहिलं, थोडा वेळ वाट पाहिली आणि मग मोबाईलकडं तोंड केलं.

पाटील हसले.