पिंडाश्म

शके १९४५, माघ महिना. गेवराई तालुक्यात गोदावरीच्या काठी, सकाळच्या प्रहरी, अर्जुनरावांनी फडक्यात गुंडाळलेला दगड थोरल्या भावाच्या, हरिबांच्या, हातावर ठेवला. अर्जुनरावांच्या एकुलत्या एका मुलाचा, अंगदचा, तो दहावा दिवस होता. चितेभोवती फिरताना खांद्यावरचे मडके ज्याने फोडतात, तो जीवखडा. त्यात गेलेल्याचा जीव असतो असे मानून चकलांबा गावची माणसे दहा दिवस त्याला जपतात आणि मग नदीत सोडतात.

हयात भूशास्त्र शिकवण्यात घालवलेल्या अर्जुनरावांना हे मान्य नव्हते, आणि सुतकातही त्यांनी तसे वारंवार बोलून दाखवले होते.

“हा गाळाचा खडक आहे, दादा. पाण्याने गोटे वाहून आणले, त्यांच्या फटींत वाळू बसली, चुन्याने सगळे सांधले. कणांच्या आकारावरून वर्ग ठरतो, हा पिंडाश्म. जीव वगैरे यात काही नाही.”

“पोराच्या दहाव्याला तरी शाळा भरवू नको बे,” हरिबा म्हणाले आणि त्यांनी फडके सोडले.

आत काळा, गुळगुळीत गोटा होता. हरिबांचे डोळे भरलेले. त्यांना वेगळे काही जाणवले नाही. भाऊबंद एकेक करून पुढे आले आणि त्यावर ओंजळीने पाणी घालून गेले.

मग अंगदच्या आईची, सत्यशीलाबाईंची, पाळी आली. त्यांनी गोट्यावर हात ठेवला आणि तो तसाच राहिला. रोज सकाळी जीवखड्यावर पाणी त्याच घालीत. त्याचे खडबडीत अंग, वर आलेली तांबूस गारगोटी बोटांच्या ओळखीची झाली होती.

त्या उठून नवऱ्याजवळ गेल्या. अर्जुनरावांचा डावा हात सकाळपासून सदऱ्याच्या खिशात होता.

“अहो, त्यो ह्यो न्हाई.”

“नमुना म्हणून ठेवतो,” ते पुटपुटले. “कपाटात राहील.”

“नुसता दगडच हाय म्हणता ना? मंग द्या की.”

कोणताही युक्तिवाद अनुत्तरित न सोडणाऱ्या अर्जुनरावांचा हात बाहेर आला, पण मूठ उघडेना. सत्यशीलाबाईंनी एकेक बोट सोडवले. तळव्यावर खड्यांचे वळ उमटले होते.

त्या गुडघाभर पाण्यात उतरल्या आणि त्यांनी दगड सोडला. तळाचा गाळ उठला, पाणी गढूळले, मग गाळ हळूहळू खाली बसू लागला.

अर्जुनराव काठावर ओणवे झाले होते.

“कुठे पडला? मला दिसत नाही.”

“दिसायचा न्हाई आता,” सत्यशीलाबाई म्हणाल्या. “गेला आपला अंगद.”