पिन बसली की झालं

मला उघडलं तेव्हा आत निघालं ते एवढं: सर्किटच्या पाट्या दोन, फुगलेले कपॅसिटर दोन, ज्वारीचा दाणा एक, मेलेल्या मुंग्या अकरा आणि फ्यूजच्या जागी तांब्याची तार एक. मित्रांनो, मी हातात धरून खेळायचा एक जुना जपानी व्हिडिओ गेम आहे. मुंग्यांची मला लाज वाटत नाही, त्या चुकून आल्या होत्या. त्या तारेची वाटते.

कारखान्यात हातमोजे घातलेल्या माणसांनी माझं एकेक बटण तपासलं होतं. पुढे युसूफ वडगावचे सुंदरराव ठिबक सिंचनाचा अभ्यास करायला परदेशी गेले आणि विमानतळावरून मला घेऊन आले. ठिबकाचं काय शिकले, ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही. मला मात्र पाहुण्यांपुढे धरत, "फारेनचं हाय," म्हणत आणि परत कपाटात ठेवत. खेळली ती फक्त त्यांची नात योगिता, तेही आजोबा गावाला गेले की.

सुंदररावांचा धाकटा मुलगा शहादेव बाजारपेठेत फवारणीचे पंप दुरुस्त करतो. आपल्याला सगळं कळतं, असं त्याचं मत आहे. एका दुपारी माझे सेल संपले, तर त्याने पंपाचा बारा व्होल्टचा चार्जर मला लावला. माझ्या पाठीवर 'तीन व्होल्ट' असं ठळक छापलेलं आहे.

"पिन बसली ना? मंग चालतंय," तो म्हणाला.

फ्यूज जळाला. त्याचं कामच ते, स्वतः जळून बाकीच्यांना वाचवायचं. शहाणा माणूस तिथेच थांबला असता. शहादेवने खांबावरच्या विजेच्या डीपीत फ्यूजऐवजी टाकतात तशी तार माझ्यात टाकली आणि पुन्हा तोच चार्जर लावला. धूर निघाला. चार वर्षं मी फुटक्या नोझलांच्या खोक्यात पडून होतो.

योगिता फिजिक्समध्ये बी.एस्सी. होऊन बीडहून परत आली. तिला चार्जर-मोबाईल दुरुस्तीसाठी काकाचं अर्धं टेबल हवं होतं.

"लई शिकलीस म्हणून मशिनी ऐकतेत व्हय?" शहादेवने मला तिच्यापुढे टाकलं. "रविवारच्या बाजाराला हे चालू करून दाव. अर्धं टेबल तुझं. न्हाई झालं तर परत इचारायचं न्हाई. तसा चायनाचाच माल हाय."

"काका, मागं मेड इन जपान लिहिलंय."

"तेच की. तिकडंच हाय ते."

तिने आधी तार काढली. मग मीटर घेऊन एकेक भाग तपासला. कपॅसिटर गेले होते, डायोडही गेला होता. ते बदलले, खरा फ्यूज बसवला. मुख्य चिप वाचली की नाही, हे वीज दिल्याशिवाय कळणार नव्हतं. ती जळाली असती तर मी भंगारात गेलो असतो आणि योगिताचं टेबलही गेलं असतं.

रविवारी दुकानापुढे सहा जण जमले. शेळ्या विकून आलेला धुळाजी म्हणाला, "शहादेवा, पुतणी बॉम्ब तर करत न्हाई ना?" सगळे हसले. व्होल्ट म्हणजे काय, हे त्यांतल्या एकालाही सांगता आलं नसतं.

योगिताने मोजून तीन व्होल्ट दिले. काहीच झालं नाही.

"बघा!" शहादेव खुशीत आला.

तिने पुन्हा मीटर लावून पाहिलं. माझ्या गंजलेल्या स्विचवर स्पिरिटचा बोळा फिरवला आणि तो पुन्हा सरकवला. माझा पडदा उजळला, जुनी धून वाजली.

"कसं काय चालू झालं रं हे?" धुळाजीने विचारलं.

"नुस्तं स्विच खराब होतं की," शहादेव म्हणाला. "मला वाटलंच हुतं."

मित्रांनो, तुमच्याकडून मी फार अपेक्षा ठेवत नाही. तरी सांगतो. चार्जरवरचा आकडा वाचा, वस्तूवरचा वाचा. ते सारखे आहेत का, हे बघायला पदवी लागत नाही. फ्यूज जळाला तर का जळाला ते शोधा. तार टाकून त्याचं तोंड बंद करू नका.

टेबल सहा फूट चार इंच लांब होतं. शहादेवने नोझल बाजूला सारले. योगिताने टेप लावला. दोन फूट नऊ इंच. ती टेप धरून उभी राहिली. त्याने आणखी सारले.

तीन फूट दोन इंच.