गाऊनच्या दुकानासमोर

कारभारी सरांच्या छातीतलं दुखणं हृदयाचं आहे, हे शेवटी घरात सगळ्यांना कळलं. म्हणजे तसं काही झालेलंच नाही. घरी जाऊन विचारा, सगळे हेच सांगतील.

सर करमाडच्या शाळेत खेळाचे शिक्षक होते. छातीवर हात ठेवून बसणाऱ्या पोराला ते मैदानाची आणखी एक फेरी मारायला लावायचे. निवृत्तीनंतर शहरात लेकाकडे आले आणि संध्याकाळी क्रांती चौकापर्यंत फिरायला जाऊ लागले. वाटेतल्या चढावर छाती आवळायची. हृदयाला रक्त कमी पडतंय, दुखलं की थांबा, गोळी जिभेखाली ठेवा, असं डॉक्टरांनी सांगितलं. गोळ्या सरांनी खिशात लपवल्या. थांबणं लपवता येईना. दुखणं रोज एकाच जागी गाठायचं आणि त्या जागी बायकांच्या गाऊनचं दुकान होतं. सर काचेकडे तोंड करून उभे राहायचे. रस्त्याकडे केलं असतं तर चेहरा दिसला असता.

दुकानातल्या सोनियाने हे त्यांच्या सुनेला सांगितलं. काका रोज येतात, पुतळ्यांसमोर थांबतात, घेत काहीच नाहीत. सुनेने नवऱ्याला सांगितलं. ऋतुराजने जेवताना ताटाकडे बघत वडिलांना विचारलं.

खरं सांगायला सरांची जीभ रेटेना. म्हणाले, "व्हय, बघत असतो."

त्यांच्या बायकोने, सत्यभामाबाईंनी, पुढची भाकरी लांबूनच टाकली.

दुसऱ्या दिवशी चपला घालून त्याही निघाल्या. चढ आला, दुकान आलं, सर थांबले. बाईंनी आधी गुलाबी गाऊनकडे पाहिलं, मग घामाने भिजलेल्या नवऱ्याकडे.

"डोळे मिटून काय बघायलात?"

सरांचा एक हात छातीवर गेला, दुसरा गोळीच्या खिशाकडे. बाईंनी त्यांना पायरीवर बसवलं, खिशातली गोळी काढून दिली.

"घरी सांगू नको. लई लाज वाटती."

"कशाची? गाऊनची का दुखण्याची?"

"गाऊनचं ऱ्हाऊ दे. दुखण्याची."

तेव्हापासून घरात सगळे सरांना लंपटच समजतात, अगदी मायेनं. भाजीत तेल तेवढं कमी झालंय. फिरायला कुणी ना कुणी सोबत असतं.

सरांनी महानगरपालिकेत अर्ज दिलाय: 'सबब, सदर गाऊनचे दुकान चढाच्या पलीकडे हलवून त्या जागी नळाच्या तोट्यांचे दुकान उघडण्यात यावे, जेणेकरून ज्येष्ठ नागरिकास सन्मानाने थांबता येईल, ही नम्र विनंती.'